पाणी : निरंक

पेट्रोलचा भाव मी ठरवत नाही, हे वाक्य मी एकतीस वर्षांत इतक्या वेळा उच्चारलं की निरोपसमारंभात बोलायला उभा राहिलो तेव्हाही तोंडून आधी तेच निघालं. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

नागपुरात वर्धा रोडवरून बेसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप आहे. तिथे मी मॅनेजर होतो. पंपाचा मालक वेगळा, त्याला डीलर म्हणतात. तेल कंपनी वेगळी. भाव ठरवणारे तर कोणाला कधी दिसतच नाहीत. दिसतो तो मॅनेजर, शर्टाच्या खिशाला पेन लावून उभा. देव सापडत नाही म्हणून लोक पुजाऱ्याची गचांडी धरतात, त्यातला हा प्रकार.

देशाचा मध्य आमच्या गावात दगड रोवून दाखवला आहे. मी त्याचा अर्थ असा लावतो की समुद्र इथून कुठल्याही बाजूने दूरच आहे. तरी जगाच्या पाठीवर कुठल्याशा सामुद्रधुनीत जहाजं अडली की दुसऱ्या सकाळी आमच्याकडे स्कूटरींची रांग लागायची. ज्याला ती सामुद्रधुनी नकाशात दाखवता आली नसती असा माणूस मला विचारायचा, "काय साहेब, तिकडे काही मिटून राहिलं का नाही?" जणू काल संध्याकाळी मीच दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून आलो होतो.

पेट्रोल शंभरीच्या पलीकडे गेलं तेव्हाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. जुन्या मशीनना तीन आकडी भाव दाखवताच येत नव्हता. नव्याण्णवनंतर काय, याचा विचार ती मशीन बनवणाऱ्याने केलाच नव्हता. माणसाचा माणसावर केवढा विश्वास असतो, याचं मला पाहायला मिळालेलं ते शेवटचं उदाहरण.

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगायचे तर एक शंभरऐवजी एकशेदहाचं पेट्रोल मागणारा. शंभरावर मशीन "सेट" केलेली असते आणि एकशेदहावर ती गोंधळते, असं त्याला कोणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं. दुसरा पहाटे येणारा. थंडीत पेट्रोल घट्ट होतं, म्हणजे त्याच पैशात जास्त मिळतं, हा त्याचा शोध. टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट काय आणि दुपार काय, हे मी त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो आणखी लवकर आला. तिसरा धंतोलीतला एक डॉक्टर. त्याने विजेवरची मोटार घेतल्यापासून आमच्याकडे फक्त हवा भरायला यायचा, आणि चारही चाकांची हवा भरून होईपर्यंत मला तेलाच्या गुलामगिरीवर ऐकवायचा. मी इतिहासात एम.ए. आहे. गुलामगिरीवर मलाही दोन शब्द बोलता आले असते. पण आमच्याकडे हवा फुकट होती आणि व्याख्यानही.

ऑटोवाल्यांनी मात्र खरोखर सगळं करून पाहिलं. पेट्रोल सोडून गॅसची किट बसवली, मग सीएनजी आला तेव्हा ती काढून दुसरी बसवली. त्यातला एक जण एकदा सीएनजीच्या रांगेला कंटाळून चहा प्यायला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, तेल बदललं, गॅस बदलला, पण रांग तेच आहे." इंधनाच्या पर्यायांवर मी पुष्कळ वाचलं आहे. इतकं थोडक्यात कोणी लिहिलेलं नाही.

या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे पंपावरच्या गमती मागितल्या होत्या, त्या इतक्याच. पुढे जे लिहितो आहे ती गंमत नाही, आणि ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं.

आधी कामाची थोडी माहिती द्यायला हवी. पंपाचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो, आणि त्याची पहिली कृती पेट्रोल विकणं ही नसते. जमिनीखाली हजारो लिटरची टाकी असते. तिच्या झाकणातून एक लांब पितळी पट्टी आत सोडायची, तिला रॉड म्हणतात. रॉड किती भिजला त्यावरून टाकीत माल किती ते कळतं. रॉडच्या खालच्या टोकाला आधी एक मातकट पेस्ट फासायची. टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळते. टाकीच्या तळाशी पाणी असलं तर पेस्ट तेवढ्या उंचीपर्यंत लाल होते. पेट्रोल हलकं, पाणी जड, त्यामुळे पाणी घुसलं तर ते तळाशीच सापडणार. मग रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, घनता लिहायची आणि शेवटच्या रकान्यात पाणी किती ते. पाणी नसलं तर लिहायचं : निरंक.

हा शब्द मी एकतीस वर्षं रोज लिहिला. माझं अक्षर बरं आहे. कंपनीचे तपासणीला येणारे अधिकारी बाकी काही पाहोत न पाहोत, माझं रजिस्टर उघडून कौतुक करायचे. एकाने तर त्याच्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या पंपांना पाठवले होते. मला त्याचा अभिमान होता. पेट्रोलसारख्या बदनाम धंद्यात राहून आपण रोज एक ओळ खरी लिहितो, असं मला वाटायचं.

मग पेट्रोलच बदललं. त्यात इथेनॉल मिसळायला लागले, म्हणजे उसापासून, धान्यापासून काढलेलं स्पिरिट. आधी थोडं, मग दहा टक्के, आता वीस. परदेशातून तेल कमी आणावं लागेल, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं, आणि ते अगदीच खोटं नाही. पण इथेनॉलची एक खोड आहे. त्याला पाणी आवडतं. टाकीत थोडं पाणी शिरलं तर ते पाण्याला आपल्या पोटात सामावून घेतं आणि काही दिसत नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं, पाण्याचा धरतं, आणि दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. जुन्या पेस्टला हे मिश्रण नीट ओळखता येत नाही. लाल होण्याऐवजी तिच्यावर नुसते फिकट ठिपके उठतात.

हे मला माहीत होतं. कंपनीने एका हॉटेलात आमचं प्रशिक्षण घेतलं होतं. पडद्यावर चित्रं, मग जेवण, जेवणात दोन प्रकारचं पनीर. एका तरुण अधिकाऱ्याने सांगितलं की नव्या पेट्रोलला नवी पेस्ट वापरा, रॉड अर्धा मिनिट आत ठेवा आणि ठिपके दिसले तर विक्री बंद करा. मी त्या दिवशी त्याच्या पडद्यावरच्या मराठीतल्या तीन चुका काढल्या. नवी ट्यूबही मिळाली. ती मी टेबलाच्या खणात ठेवली, कारण जुनी अर्धी शिल्लक होती. आधीचं संपल्याशिवाय नवं उघडायचं नाही, अशा घरात मी वाढलो आहे.

आता संध्याताई. संध्या गजभिये बेसाच्या बाजूला राहायच्या आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायच्या. आधी व्हॅन त्यांचे यजमान चालवत. त्यांच्या पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी गाडी बंद केली, तेव्हा ताई दोन महिन्यांत गाडी शिकल्या आणि तिसऱ्या महिन्यात मुलं न्यायला लागल्या. अकरा मुलं. त्यांतली एक त्यांची स्वतःची, प्रज्ञा, पाचवीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, लांबची आणि त्यांच्या ऐपतीबाहेरची. पण व्हॅन शाळेसाठी चालते म्हणून शाळेने मुलीला फीत मोठी सवलत दिली होती. म्हणजे व्हॅन चालत होती तोवर प्रज्ञा त्या शाळेत होती. ताईंनी मला हे एकदा सरळ सांगितलं होतं, "ह्या गाडीवर घर नाही चालत साहेब, पोरगी चालते. घर कसंही चालते."

सहा वर्षं त्या आमच्याकडेच पेट्रोल भरायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं, पेट्रोल चांगलं आहे हे आम्ही कसं समजायचं. असं विचारणारं गिऱ्हाईक मला आवडतं. मी त्यांना रजिस्टर दाखवलं, रॉड दाखवला. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून निरंक म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, काही नाही, शून्य. त्यांनी पानं मागे उलटली. सगळीकडे तेच. "तुमी रोज पाहता?" म्हणाल्या. मी म्हणालो, रोज. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या पंपावर गाडी नेली नाही.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आमच्या डीलरने, ज्यांना आम्ही शेठजी म्हणत होतो, पंपाच्या कोपऱ्यात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग मशीन बसवलं. त्याचं उद्घाटन ठरलं. प्रमुख पाहुणे मोठ्या पदावरचे होते. मांडव आला, गालिचा आला, स्वागतकमान आली. विजेचं कनेक्शन तेवढं आलं नव्हतं. त्यामुळे मशीनवरचा हिरवा दिवा लावायला मांडवामागे डिझेलवर चालणारा जनरेटर ठेवला होता. मी शेठजींना म्हटलं की हे बरं दिसत नाही. ते म्हणाले, "दिखेगा नहीं, पीछे है."

तीन दिवस पाऊस सुरू होता. मांडववाल्याने सामानाची गाडी नेमकी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर उभी केली होती. ताडपत्रीवर साचलेलं पाणी पोरांनी बांबूने ढकललं की तेही तिथेच पडायचं. झाकणाचं रबर सरकलं असणार. हे सगळं मला नंतर जुळवता आलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे जुन्या ट्यूबमधली पेस्ट लावून रॉड सोडला. वर काढला तर टोकाशी चार बोटं उंचीपर्यंत फिकट गुलाबी ठिपके होते. गोवराच्या पहिल्या दिवशी मुलाच्या पाठीवर असतात तसे.

ते काय आहे हे मला कळलं नाही, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. म्हणून इथे नीट लिहितो. मला कळलं. नवी ट्यूब वीस पावलांवर खणात होती. ती आणून पुन्हा तपासायचं आणि टाकी बंद करायची, एवढंच काम होतं.

शेठजी फुलवाल्याशी घासाघीस करत उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की टाकीत पाणी असल्यासारखं वाटतं, दोन तास पेट्रोल बंद ठेवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीच्या लग्नात नवरदेव बदलायला सांगत होतो.

"आज? आज के दिन 'पेट्रोल नहीं है' का बोर्ड लगाओगे?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आप रोज जो लिखते हो वही लिखो ना. मैंने कभी कुछ दूसरा बोला है क्या आपको?"

खरोखर, ते कधी तसं बोलले नव्हते. एकोणतीस वर्षांत त्यांनी मला एकदाही खोटं लिहायला सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही. मी फडक्याने रॉड पुसला, टेबलाशी बसलो आणि लिहिलं : पाणी, निरंक. अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्यानंतर लगेच टँकर आला. टँकर टाकीत रिकामा केला की तळाचा गाळ, पाणी, सगळं ढवळून वर येतं. म्हणून नंतर थोडा वेळ विक्री थांबवायची पद्धत आहे. त्या दिवशी तीही पाळली नाही, कारण टँकर पाहुण्यांच्या आधी फाटकाबाहेर जायला हवा होता. तो बाहेर गेला आणि संध्याताईंची व्हॅन आत आली. पुढच्या सीटवर प्रज्ञा, मांडीवर दप्तर. बाकी मुलं पुढे घ्यायची होती.

मांडव पाहून ताई म्हणाल्या, "लग्न आहे का जी कोनाचं?"

"नाही, पेट्रोलचं तेरावं आहे."

"मंग लवकर टाका, जेवनाची पंगत बसाच्या आधी."

मी हसलो. आमच्या माणसाने पेट्रोल टाकलं. मी तिथेच, चार हातांवर उभा होतो.

व्हॅन वर्धा रोडवर बंद पडली, अकरा मुलं आत घेऊन. पाऊस होता, बाजूने बुटीबोरीचे ट्रक जात होते. ताईंनी मुलांना खाली उतरू दिलं नाही, स्वतः गाडीमागे उभ्या राहून ओढणी हलवत ट्रक बाजूने काढत राहिल्या. दीड तास. पालकांना त्यांनीच फोन केले. पहिले जे वडील मोठ्या गाडीतून पोहोचले, त्यांनी आपल्या मुलाला उतरवण्याआधी मोबाइलवर चित्रण केलं. ते दुपारपर्यंत सगळ्या पालकांकडे गेलं. वर लिहिलं होतं, आपली मुलं कोणाच्या हाती?

त्याच वेळी आमच्याकडे प्रमुख पाहुणे बोलत होते. तेलाच्या परावलंबनातून देश मुक्त होत असल्याचं त्यांनी सांगितलं. मागे जनरेटर घरघरत होता, त्यामुळे मुक्तीचा भाग दोनदा सांगावा लागला. भाषण चालू असतानाच पाच-सहा स्कूटरवाले गाड्या ढकलत परत आले. शेठजींच्या माणसांनी त्यांना मांडवामागे नेलं, टाक्या रिकाम्या करून दुसऱ्या पंपावरून आणलेलं पेट्रोल भरून दिलं, पेढे दिले. पाहुण्यांच्या ताफ्यात सहा गाड्या होत्या. सगळ्या डिझेलच्या. जाताना सहाही आमच्याकडेच भरून गेल्या. पाहुणे वळणाआड होताच शेठजींनी पेट्रोलची टाकी बंद केली, आणि संध्याकाळपर्यंत ती उपसून स्वच्छ झाली. निघालेलं पाणी मी डोळ्यांनी पाहिलं. ते रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं नाही, कारण सकाळी निरंक लिहिलेलं होतं.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या त्या हातात बाटली घेऊन. मेकॅनिकने त्यांच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल होतं. वर नितळ, खाली दोन बोटं गढूळ. शेठजी फार सौजन्याने वागले. बाटली ठेवून घेतली, तपासायला पाठवतो म्हणाले, गाडीची टाकी साफ करून भरून दिली. आणि जाता जाता म्हणाले की मेकॅनिक लोक पावसात कुठलीही ओली बाटली वापरतात. बाटली संध्याकाळी गटारात रिकामी झाली.

ताईंनी मला फक्त एवढं सांगितलं की शनिवारी शाळेत पालकांची सभा आहे. गाडी जुनी आहे, बाई गाडीकडे लक्ष देत नाही, असं ते म्हणून राहिले. "तुमी एकडाव येऊन सांगा जी, का गाडीत काही खराबी नव्हती. तुमचं ऐकतीन."

मी येतो म्हणालो. शेठजींना ते कळलं तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही. रजिस्टर घेऊन जा म्हणाले. जे लिहिलंय तेच दाखवा, कमी नाही, जास्त नाही. आणि मग सहज बोलल्यासारखं सांगितलं की कंपनीने पंप बंद केला तर इथली अठरा घरं बसतील, आणि माझी स्वतःची दोन वर्षं राहिली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खऱ्या गोष्टींचा असा उपयोग करता येतो हे मी इतिहासात वाचलं होतं.

सभा शाळेच्या ग्रंथालयात होती. तीसेक पालक, मुख्याध्यापिका, आणि टोकाच्या खुर्चीवर संध्याताई, इस्त्रीच्या साडीत. चित्रण करणारे गृहस्थ पहिल्या रांगेत होते. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं की त्या दिवशी तुमच्या पेट्रोलमध्ये पाणी होतं का.

मी खरं सांगायच्या तयारीने गेलो होतो, असं म्हणणार नाही. न सांगायच्या तयारीनेही नव्हतो. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ती तारीख पाहिली, मग आधीची पानं चाळली. रजिस्टर पुढच्या रांगेत फिरलं. त्या गृहस्थांनीही पाहिलं आणि मान हलवली. इतकं नेटकं रजिस्टर पाहून त्यांना बरं वाटलं असावं. कोणीतरी म्हणालं, असं रेकॉर्ड आजकाल कोण ठेवतं. मी एक शब्दही बोललो नाही. मला काही बोलावं लागलंच नाही.

मुख्याध्यापिकांनी ताईंना विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का.

ताई उठल्या. मला वाटलं, आता बाटलीचं सांगतील. मी खाली पाहत होतो. रजिस्टर माझ्याकडे परत येईपर्यंत त्या थांबल्या. ते माझ्या हातात आल्यावर त्या म्हणाल्या, "बाटली पावसातच भरली होती, ते खरं आहे. साहेबानं लिहिलं असंन तर बरोबरच असंन. ते खोटं नाही लिहीत, मी सहा वर्षांपासून पाहून राहिली. माह्याच गाडीत काही असंन."

व्हॅनचं काम त्याच आठवड्यात दुसऱ्याला गेलं. फीची सवलत व्हॅनबरोबर गेली. दिवाळीनंतर प्रज्ञा बेसाजवळच्या एका शाळेत गेली, जिला शाळा म्हणायला त्या शाळेच्या पाटीचाच काय तो आधार होता. ताईंनी गाडी विकली. त्यांना ती गाडीच दगाबाज वाटायला लागली होती. ज्याने घेतली तो केटरिंगवाला आमच्याकडेच पेट्रोल भरायला यायचा. मी एकदा विचारलं, काही त्रास देते का. म्हणाला, "काहीच नाही गा. एका बाईची होती, लय जपून वापरली होती तिनं."

ताईंनी कर्ज काढून ई-रिक्षा घेतली, मेट्रो स्टेशन ते बेसा अशी शेअरिंगवर चालवायला. धंतोलीतला तो डॉक्टर सोडला, तर माझ्या गिऱ्हाइकांपैकी पेट्रोल आणि गॅस दोन्हींपासून कायमचं सुटलेलं हे एकच माणूस मला माहीत आहे. एकदा त्यांनी आमच्या चार्जिंग मशीनवर रिक्षा लावून पाहिली. तोवर मशीनला वीज आली होती, पण त्याची नळी मोटारींसाठीची, रिक्षाला ती बसेना. त्या हसून निघून गेल्या. पहिली बॅटरी दीड वर्षात बसली, दुसरीसाठी पुन्हा कर्ज. मुक्तीची भाषणं करणाऱ्यांच्या ताफ्यात बॅटऱ्या बसत नाहीत. रस्त्यावरून जाताना मी दिसलो की त्या हात वर करून नमस्कार करायच्या. चालू रिक्षातून, एका हाताने. दिवसातून चार-पाच वेळा.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. समारंभात शेठजींनी मला रजिस्टरच्या आकाराची चांदीची पाटी दिली.

यंदा उन्हाळ्यात मी मेट्रोतून उतरलो तर रांगेत पहिली रिक्षा त्यांचीच होती. दुपारची वेळ, दुसरी सवारी नव्हती. त्यांनी सवारीची वाट न पाहता रिक्षा काढली. थोडं पुढे गेल्यावर मी सांगून टाकलं. ठिपके, खणातली ट्यूब, शेठजी, टाकीतून उपसलेलं पाणी, सगळं. मागच्या सीटवरून, त्यांच्या पाठीकडे पाहत. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच सांगता आलं.

त्यांनी रिक्षा थांबवली नाही. वेगही कमी केला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग त्या आरशात न पाहता म्हणाल्या, "आता काहून सांगून राहिले साहेब? तुमचं हलकं व्हावं म्हनून?"

 माझं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं होतं.

 बेसा चौकात त्यांनी रिक्षा कडेला घेतली, मी उतरलो, पैसे पुढे केले. त्यांनी घेतले, सुटे परत दिले. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मले सांगून काय होते? मी तर तवाच मानून घेतलं होतं. पन पोरीले अजून वाटते का आपल्या आईनं गाडी नीट नाही ठेवली, म्हनून शाळा सुटली. भांडन झालं का तेच काढते. नववीत आहे आता, सगळं समजते तिले." त्यांनी ब्रेक सोडला. "तिले येऊन सांगा. शाळेत सांगतलं तसं, रजिस्टर घेऊन या. पाच वाजता घरी असते."

रिक्षा गेली. विजेची असल्यामुळे आवाज आला नाही.

त्याला पाच महिने होत आले. घर मला माहीत आहे, चौकातून पायी सात-आठ मिनिटांवर आहे. शेठजींकडून त्या वर्षाचं रजिस्टरही मी मागून आणलं आहे, टेबलावर ठेवलं आहे. रोज पाच वाजतात. मी अजून गेलेलो नाही.